प्रवाशाची पिशवी आणि आल्याचे बेणे : शेतकरी सहलींच्या जोडधंद्याविषयी

शेतीला पूरक उत्पन्न देणारे व्यवसाय म्हटले की दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, रेशीम, मधमाशीपालन ही नावे प्रथम आठवतात. या यादीत अलीकडे आणखी एका व्यवसायाची भर पडू लागली आहे. गावातील एखादा कृषी पदवीधर तरुण किंवा चार ठिकाणी ओळखी असलेला शेतकरी वीस-तीस शेतकऱ्यांचा गट जमवतो. तो त्यांना एखादी संशोधन संस्था आणि दोन-तीन चांगल्या शेतांवर नेतो, वाटेवरचे तीर्थक्षेत्र किंवा किल्ला दाखवतो आणि या संयोजनाबद्दल दरडोई सेवाशुल्क घेतो. त्याच्याकडे स्वतःची बस नसते आणि शहरात कार्यालयही नसते. भ्रमणध्वनी, हिशेबाची वही आणि लोकांचा विश्वास एवढेच त्याचे भांडवल. व्यवहाराच्या भाषेत तो स्वतंत्र ट्रॅव्हल एजंट होय.

या जोडधंद्याचे स्वरूप, त्यातील प्राप्ती आणि त्याची कायदेशीर चौकट यांचा विचार एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधारे येथे केला आहे. तो मार्ग म्हणजे झाशी–ओरछा–बरुआसागर–खजुराहो. त्याचबरोबर कीटकशास्त्राच्या बाजूने एक प्रश्न विचारणेही आवश्यक वाटते. सहलीहून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या पिशवीत काय असते?

जुनीच वाट, नवे प्रयोजन

उत्पन्नासाठी बुंदेलखंडाकडे जाणे मराठी माणसाला नवीन नाही. बाजीराव पेशव्यांनी १७२९ मध्ये छत्रसाल महाराजांना साहाय्य केले, त्यानंतर या प्रदेशाचा मोठा हिस्सा मराठ्यांकडे आला आणि नारोशंकरांच्या काळात झाशी शहराची वाढ झाली. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरातून निघाले ते दक्षिणा मिळवून कुटुंबाचे कर्ज फेडता यावे याच हेतूने. झाशीच्या वेढ्याचे ते साक्षीदार ठरले. परतताना मिळकत फारशी हाती उरली नव्हती, तरी आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड त्यांनी घरी आणली. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासाहून रिकाम्या हाताने परतू नये, ही आपल्याकडील जुनी भावना आहे आणि या लेखाच्या उत्तरार्धाशी तिचा निकटचा संबंध आहे.

शेती आणि पर्यटन यांची सांगड घालण्याचे संघटित प्रयत्न महाराष्ट्रात २००५ पासून दिसतात. पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरात कृषी पर्यटनाचा प्रयोग उभा केला. पुढे २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण स्वीकारले आणि अशा केंद्रांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. या प्रयत्नांत शहरातील पर्यटक शेतावर येतो. शेतकऱ्याने दुसऱ्या प्रदेशातील शेती पाहण्यास जाणे ही त्याची दुसरी बाजू. ‘आत्मा’ यंत्रणेमार्फत राज्यांतर्गत व राज्याबाहेरील अभ्यास दौरे निघतात. परंतु त्यांतील जागा मर्यादित असतात. स्वखर्चाने जाऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या त्याहून मोठी आहे आणि स्वतंत्र संयोजकाला वाव मिळतो तो येथेच.

बरुआसागर का?

पंजाब मेल, झेलम एक्स्प्रेस अशा गाड्यांनी मुंबई किंवा पुण्याहून झाशीला थेट जाता येते. बहुतेक सहली झाशीचा किल्ला आणि ओरछा पाहून खजुराहोकडे निघतात. झाशीपासून सुमारे २४ किलोमीटरवर, खजुराहोच्याच रस्त्यावर, बरुआसागर लागते. पर्यटकांच्या बसगाड्या सहसा तेथे थांबत नाहीत. शेतकऱ्यांच्या गटाने मात्र तेथे अर्धा दिवस अवश्य द्यावा, इतके तेथे पाहण्यासारखे आहे.

ओरछाचे राजे उदितसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांध घालून निर्माण केलेल्या विस्तीर्ण तलावावरून या गावाला नाव मिळाले. तलावाकाठी किल्ला आहे. १७४४ मध्ये मराठे व बुंदेले यांच्यात येथे लढाई झाली होती. जवळच ‘जराई का मठ’ हे प्रतिहारकालीन शिल्पसमृद्ध मंदिर आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून बोलके आहे ते येथील शेत. बुंदेलखंड म्हणजे कमी पावसाचा, खडकाळ प्रदेश, अशी आपली समजूत असते. त्याच बुंदेलखंडात बरुआसागरचा परिसर आले आणि भाजीपाल्यासाठी ओळखला जातो. भरपूर ओलावा मागणारे, पण पाणी साचलेले मुळीच न सोसणारे हे पीक अशा प्रदेशात कसे घेतले जाते, हे सातारा किंवा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील आले उत्पादकाने प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे.

झाशीत तीन महत्त्वाच्या संस्था आहेत. भारतीय चराई व चारा संशोधन संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. १९८८ मध्ये सुरू झालेले कृषिवानिकी संशोधन केंद्र आज केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था म्हणून कार्यरत आहे. राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ २०१४ च्या कायद्याने अस्तित्वात आले. राकड, पडुआ, काबर आणि मार या बुंदेलखंडी नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चार प्रकारच्या जमिनी, चाऱ्याअभावी जनावरे मोकळी सोडण्याची ‘अन्ना प्रथा’ आणि तिच्यावर उपाय म्हणून चारापिके व बांधावरील झाडे यांचे संशोधन, असा सलग विषय दोन दिवसांत समजून घेता येतो. केवळ स्थळदर्शनाच्या सहलीला हा लाभ होत नाही. हा धागा गुंफून देण्याचे काम शेती जाणणारा संयोजकच करू शकतो आणि त्याच्या सेवाशुल्काचे समर्थनही त्यातच आहे.

प्राप्तीचा हिशेब

या धंद्याविषयी अवास्तव कल्पना बाळगू नयेत. हिशेबाची रीत समजावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३० शेतकऱ्यांचा गट आहे, सहल सहा दिवसांची आहे आणि प्रत्यक्ष खर्चाव्यतिरिक्त दरडोई ८०० रुपये सेवाशुल्क ठरले आहे. संयोजकाकडे २४,००० रुपये जमा होतात. त्यातून त्याचा स्वतःचा प्रवास व निवास ९,००० रुपये, मार्गाची पूर्वपाहणी ४,००० रुपये, दूरध्वनी व छपाई १,००० रुपये आणि ऐनवेळच्या गळतीसाठी २,००० रुपये वजा केले, तर ८,००० रुपये उरतात. त्याच मार्गावरील पुढच्या सहलीस पूर्वपाहणी लागत नाही, म्हणून तेव्हा १२,००० रुपये उरतील. एका हिवाळ्यात तीन सहली झाल्या तर एकूण ३२,००० रुपये हाती येतात. शेतीची जागा घेण्याइतकी ही रक्कम नाही. तथापि रब्बीच्या खताचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा भार हलका करण्याइतकी ती निश्चित आहे.

हंगामाचा मेळ महत्त्वाचा. झाशीचा उन्हाळा अतिशय कडक असतो, पावसाळ्यात शेतकऱ्याला सवड नसते आणि नोव्हेंबर रब्बीच्या पेरणीत जातो. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ सोयीचा ठरतो.

कायद्याच्या बाबतीत काही गोष्टी आरंभीच समजून घ्याव्यात. स्वतःच्या वैयक्तिक ओळखपत्रावरून रेल्वेची तिकिटे काढून ती नफ्याने विकण्याचा धंदा हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे तिकिटे अधिकृत एजंटमार्फत काढावीत किंवा प्रत्येक प्रवाशाने आपली आपण काढावीत. भाड्याने प्रवासी नेण्यास परवाना असलेले, पिवळ्या पाटीचे वाहनच घ्यावे. मित्राची खासगी गाडी ‘डिझेलपुरते पैसे’ देऊन वापरल्यास अपघाताच्या वेळी विम्याचा दावा अडचणीत येतो. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असले, तरी सहलींपासूनचे उत्पन्न शेतीचे ठरत नाही. त्याची नोंद वेगळी ठेवावी. पैसे घेऊन सेवा देणारा संयोजक ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येतो. यासाठी कार्यक्रम, समाविष्ट खर्च आणि सहल रद्द झाल्यास परताव्याच्या अटी या तीन गोष्टी एका कागदावर लिहून प्रत्येकाची स्वाक्षरी घ्यावी. तोंडी व्यवहारात मैत्रीही जाते आणि पैसाही.

पाय नसलेल्या किडीचा प्रवास

सहलीला सोयीचे असलेले डिसेंबर ते फेब्रुवारीचे दिवस आल्याच्या काढणीचेही असतात. शेतात ताज्या कंदांचे ढीग पडलेले असतात. एखादा टपोरा, बोटाळ कंद पाहून आले उत्पादकाचा हात नकळत पुढे जातो. यजमानही आनंदाने पाव किलो बेणे पिशवीत टाकतो. त्यात दोघांचाही हेतू चांगलाच असतो. मात्र सहलीचा सर्वांत मोठा धोका याच क्षणी निर्माण होतो.

याचे कारण आल्याच्या स्वभावात आहे. आल्याला सामान्यतः बी धरत नाही. पीक कंदापासूनच वाढते आणि कंदावरील कीड-रोगाचा वारसा पुढच्या पिढीला थेट मिळतो. कंदावरील खवले कीड याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या पूर्ण वाढलेल्या मादीला पंख नसतात आणि पायही नसतात. एक मिलिमीटरच्या आसपास आकाराची ही कीड करड्या-तपकिरी कवचाखाली कंदाला चिकटून रस शोषत राहते. नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्ले तेवढी थोडे अंतर चालतात. स्वतःच्या बळावर ही कीड एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकत नाही. झाशीहून साताऱ्याला ती येईल तर प्रवाशाच्या पिशवीतूनच. साठवणीतही ती वाढत राहते, कंद सुरकुततो आणि त्याची उगवण घटते.

कंदमाशीची अळी कुजट कंदात, तर तिचा कोष कंदात किंवा त्याला चिकटलेल्या मातीत दडून राहू शकतो. कंदकूज घडवणारी पिथियम बुरशी, जिवाणूजन्य मर आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी हेही बेण्याबरोबर आणि मातीबरोबर प्रवास करतात. यांपैकी कित्येकांची लक्षणे बाहेरून निरोगी दिसणाऱ्या कंदावर ओळखता येत नाहीत. बरुआसागरचे आले रोगट आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. आल्याच्या कोणत्याही पट्ट्यातून कोणत्याही पट्ट्यात बेणे नेताना हा धोका सारखाच असतो. बरुआसागरच्या शेतकऱ्यालाही तो आहे, कारण आपल्या चपलांना चिकटलेली माती त्याच्या वाफ्यात उतरत असते.

सर्वच किडी माणसाच्या आधाराने पसरतात असे नाही. २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे प्रथम आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा पतंग दूरवर उडतो; भारतभर पसरायला तिला कोणाच्या पिशवीची गरज पडली नाही. मात्र मूळच्या ऑस्ट्रेलियातील फ्लुटेड स्केल या खवले किडीची गोष्ट वेगळी आहे. ती १९२८ मध्ये निलगिरीत आढळली. समुद्र ओलांडून येणे तिला स्वतःला शक्य नव्हते. वनस्पतींच्या वाहतुकीनेच तिला जगभर पोहोचवले. तिच्या बंदोबस्तासाठी तिचा शत्रू असलेला रोडोलिया हा भुंगेरा बाहेरून आणावा लागला. १९१४ च्या विनाशकारी कीटक व कीड कायद्याखाली फ्लुटेड स्केल, सॅन होजे स्केल, बटाट्यावरील वार्ट रोग अशा काही निवडक किडी-रोगांबाबत देशांतर्गत वाहतुकीवरही निर्बंध घालण्यात आले. परंतु एका शेतकऱ्याच्या पिशवीतील पाव किलो आले कोणत्याही नाक्यावर तपासले जात नाही. तेथे तपासणी नाका असतो तो केवळ शेतकऱ्याच्या विवेकाचा, आणि त्या नाक्यावर उभा राहू शकणारा एकमेव माणूस म्हणजे सहलीचा संयोजक.

संयोजकाने पाळावयाची पथ्ये

• निघण्यापूर्वीच्या बैठकीत सर्वांना स्पष्ट सांगावे की सहलीतून बेणे, रोप, कलम, ठोंब किंवा माती आणावयाची नाही. ही अट स्वाक्षरीच्या कागदावरच छापावी. ऐनवेळी सांगितल्यास ती अपमानासारखी वाटते, आधी सांगितल्यास शिस्त वाटते.

• शेतात उतरण्यापूर्वी आणि परतताना पादत्राणांची माती ब्रशने काढून तळवे पाण्याने धुवावेत. गाडीत दोन बादल्या व चार ब्रश ठेवण्याचा खर्च नगण्य असतो.

• एकाच दिवशी दोन आले उत्पादकांच्या शेतांना भेट असल्यास आधी निरोगी शेत पाहावे. मर किंवा कूज दिसणाऱ्या शेतात बांधावरूनच पाहणी करावी.

• वाफ्यातून चालू नये. पाहण्यासाठी कंद यजमानानेच उपटून दाखवावा आणि तो तेथेच राहू द्यावा.

• एखादे वाण मनात भरलेच, तर त्याचे नाव व वैशिष्ट्ये लिहून घ्यावीत आणि परतल्यावर कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाकडे त्याची चौकशी करावी. चाऱ्याच्या संकरित नेपियर गवताचे ठोंब हवे असल्यास तेही शेताच्या बांधावरून न उचलता संस्थेच्या रोपवाटिकेतून, पावती व वाणाच्या नावासह घ्यावेत.

• अधिकृत स्रोताकडून आणलेले नवे बेणेही पहिल्या वर्षी मुख्य पिकापासून दूर, स्वतंत्र वाफ्यात लावावे. वाफ्याचे पाणी मुख्य शेतात उतरणार नाही अशी जागा निवडावी. एक हंगाम निरीक्षण केल्याशिवाय त्याचा प्रसार करू नये.

शेवटचे पथ्य विशेष महत्त्वाचे आहे. जिवाणूजन्य मर ओळखण्याची सोपी रीत प्रत्येक आले उत्पादकाने शिकून घ्यावी. संशयित झाडाचे खोड आडवे कापून ते स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरल्यास कापापासून दुधासारखा स्राव पाण्यात उतरताना दिसतो. असा स्राव दिसल्यास ते झाड मातीसह काढून नष्ट करावे आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

यजमानाचाही व्यवसाय

या व्यवस्थेत बरुआसागरच्या शेतकऱ्याचे स्थान केवळ आतिथ्य करणाऱ्याचे राहू नये. तीस माणसे दोन तास शेतात येतात, तेव्हा त्याचा वेळ जातो, काम थांबते आणि काही प्रमाणात तो जोखीमही पत्करतो. त्याचे भेटशुल्क आधीच ठरवून, सहलीच्या खर्चात धरून, त्याच्या हाती द्यावे. ‘चहापाण्याचे’ म्हणून शेवटी काहीतरी देण्याची पद्धत दोघांनाही कमीपणा आणणारी आहे. मोबदला ठरलेला असला म्हणजे यजमानालाही आपल्या अटी घालता येतात; बादलीत पाय धुतल्याशिवाय वाफ्याजवळ येऊ नका, असे तो निःसंकोच सांगू शकतो.

पाहुण्यांना काहीतरी घेऊन जाण्याची इच्छा असतेच. ती दाबून टाकण्याऐवजी तिला योग्य वळण द्यावे. स्वयंपाकासाठी म्हणून घेतलेले ताजे आलेही घरी पोहोचल्यावर कुंडीत किंवा परसात रुजवले जाते, हा सर्वांचा अनुभव आहे. वाळवलेली सुंठ मात्र रुजत नाही. साठवणीतील भुंगेरे सुंठेला उपद्रव देतात, परंतु शेतातील आल्याच्या पिकाला तिच्यापासून भय राहत नाही. यजमान कुटुंबाने, विशेषतः महिला बचत गटांनी, चांगली वाळवलेली व हवाबंद पाकिटात भरलेली सुंठ, आल्याचे लोणचे किंवा आलेपाक विक्रीस ठेवल्यास पाहुण्यांची पिशवी भरते, शेतकऱ्याला ताज्या कंदापेक्षा चांगला दर मिळू शकतो आणि किडीचा मार्गही बंद होतो. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत या विक्रीसाठी अर्ध्या तासाची स्वतंत्र नोंद असावी.

हीच पद्धत उलट दिशेलाही लागू पडते. बुंदेलखंडातील शेतकऱ्यांचे गट महाराष्ट्रात आल्याची, डाळिंबाची किंवा द्राक्षाची शेती पाहण्यास येतील, तेव्हा आपल्या शेताच्या तोंडाशीही बादली व ब्रश असावा. फळबागांच्या बाबतीत कलमे व छाटणीच्या काड्या यांविषयी तीच दक्षता घ्यावी लागेल.

शेतकरी सहलींचा जोडधंदा करू इच्छिणाऱ्या तरुणांना एक सुचवावेसे वाटते. पहिल्या वर्षी एकच मार्ग निवडावा आणि तो स्वतः पाहून घ्यावा. संबंधित संस्थांना लेखी पत्र पाठवून भेटीचा दिवस निश्चित करावा, आणि आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राच्या कीटकशास्त्र व वनस्पती रोगशास्त्र विषयातील तज्ज्ञांकडून निघण्यापूर्वीच्या बैठकीत तासभर मार्गदर्शन घ्यावे. तिकीट, हॉटेल व बस यांची जुळवाजुळव आज कोणीही भ्रमणध्वनीवरून करू शकतो. त्यापुरते काम करणाऱ्या एजंटाची गरज दिवसेंदिवस कमी होत जाणार आहे. कोणत्या शेतात काय पाहावे, कोणता प्रश्न विचारावा आणि तेथून काय आणू नये, हे सांगणारा माणूस मात्र शेतकऱ्यांना हवाच आहे. त्याच्या या ज्ञानाचा मोबदला देण्यास ते तयारही होतील. कारण एका चुकीच्या कंदाने गादीवाफा बसला, तर होणारे नुकसान सहलीच्या साऱ्या खर्चाहून मोठे असते.